गोळा गंजला, सर्कल बुळबुळीत झालं, आता काय करू?

गेल्या अंकात शेवटी दोन ओळी टाकल्या होत्या की गोळा, थाळी, भाला फेकणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी प्रश्न पाठवावेत, तर वेंगुर्ल्यापासून अलिबागपर्यंत इतके प्रश्न आले की सगळे एका अंकात मावणं शक्यच नाही. धावणाऱ्यांना कुठूनही माहिती मिळते, कबड्डीचं तर आपल्याकडे वाडीवाडीत कोणीतरी सांगणारं भेटतं, पण फेकीच्या पोरांना विचारायला माणूस नसतो, हे मी स्वतः भोगलंय. म्हणून या वेळी पानं जास्त मागून घेतलीत. पाऊस तोंडावर आलाय तेव्हा पावसाचे प्रश्न आधी घेते.

ताई, शाळेचा पाच किलोचा गोळा सुट्टीत प्रॅक्टिसला घरी आणलाय. खाऱ्या हवेने पूर्ण गंजलाय, मानेला लावला की तपकिरी डाग पडतो आणि नंतर पुरळ येतं. ऑइलपेंट मारू का? (दहावीचा विद्यार्थी, देवगड)

पेंट नंतर, आधी त्याचं वजन कर. बाजारात मासळीवालीकडे किंवा रेशन दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा असतो तिथे ने, कोणी नाही म्हणत नाही. मी हे का सांगतेय तर अकरावीत असताना मी अख्खा सीझन एका जुन्या गोळ्यावर काढला, त्यावर चार किलो कोरलेलं होतं म्हणून तो चारचाच असणार असं धरून चालले, आणि जिल्हा स्पर्धेत हातात खरा चार किलोचा आला तर माझी फेक जवळजवळ एक मीटरने पडली. मला वाटलं मी घाबरले, रात्रभर रडले. घरी येऊन वजन केलं तर आमचा गोळा तीन किलो सातशेचा निघाला. बऱ्याच गोळ्यांच्या आत शिसं भरलेलं असतं आणि वर बूच बसवलेलं असतं, ते बूच सैल होऊन आतलं गळून गेलं होतं आणि कोणी बघितलंच नव्हतं. तर तुझ्या गोळ्यालाही तसं बूच आहे का ते बोटाने चाचपून बघ, हलत असेल तर तो गोळा वापरूच नकोस.

वजन बरोबर असेल तर तारेच्या ब्रशने गंज काढ, मग जाड सॅंडपेपर, मग बारीक. फडक्याने पूस, उन्हात तासभर ठेव आणि खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल अगदी पातळ लाव. फेकायच्या आधी ते तेल कोरड्या फडक्याने संपूर्ण पुसायचं, नाहीतर बोटांतून सटकेल. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नकोस, आत ओल धरते, कापडी पिशवीत घालून फळीवर ठेव. पेंट मारलास तरी एकच पातळ हात मार, जाड थर दिला की गुळगुळीत होतो आणि महिन्याभरात पोपडे सुटतात. पुरळ बहुधा गंजानेच येतंय, तेव्हा गोळा साफ झाला की जाईल, तोवर प्रॅक्टिस झाली की मान लगेच साबणाने धू.

आणि हो, 18 वर्षांखालच्या मुलांचा गोळा 5 किलो, 20 खालच्यांचा 6, मोठ्या पुरुषांचा 7.26. मुलींना 18 खाली 3 आणि पुढे 4 किलो. शालेय स्पर्धेचे वयोगट वेगळे पडतात म्हणून तुझ्या गटाचं वजन सरांकडून परिपत्रकात बघून घे. मोठ्या दादांचा जड गोळा फेकला की ताकद येते असं कोणी सांगेल तर ऐकू नकोस, त्याने खांदा पडतो आणि कोपर खाली घसरतं, मग गोळा ढकलायच्या ऐवजी चेंडूसारखा फेकायची सवय लागते आणि ती सवय सोडवायला वर्षं जातात.

आमच्या हायस्कूलला गोळाफेकीचं सर्कल सिमेंटचं करायचं आहे. गावातला गवंडी चांगला आहे पण त्याने असं काम केलेलं नाही. मापं आणि काळजी सांगा. (क्रीडा शिक्षक, राजापूर तालुका)

सर, तुम्ही हे करताय याचा मला फार आनंद झाला, कारण आपल्याकडे अजून बहुतेक शाळांत फक्कीने गोल काढला की झालं सर्कल.

आतला व्यास 2.135 मीटर. लोखंडी पट्टीची रिंग लोहाराकडून वाकवून घ्या, पट्टी निदान 6 मिलिमीटर जाड, वरची कड बाहेरच्या जमिनीच्या लेव्हलला, आणि आतलं कॉंक्रीट त्या कडेपेक्षा साधारण 2 सेंटिमीटर खाली. थाळीचं सर्कल वेगळं, ते 2.50 मीटर. गवंड्याला एक गोष्ट मात्र उभं राहून सांगा: घोटून गुळगुळीत करायचं नाही. त्यांचा हात आपल्या ओटीसारखी चकचकीत फरशी करायला बसलेला असतो आणि चांगलं काम म्हणजे घोटलेलं काम असं त्यांना वाटतं, बिचारे प्रेमाने घोटतात आणि पहिल्या पावसात मूल घसरून पडतं. लाकडी गुरमाळा फिरवून जसं राहील तसं राहू दे. फार खरखरीतही नको, पाय वळायला हवा. हातावर वाळूचा कागद फिरवल्यासारखं लागलं तर जास्त झालं, साध्या खडूच्या पाटीसारखं लागलं तर बरोबर.

सर्कल रिंगपेक्षा खोल असल्याने पाणी साठणारच, म्हणून कडेला दोनतीन जागी पाणी जायला बारीक पाइप आधीच टाकून घ्या, नंतर फोडायला लागतं. जुलैत शेवाळ धरेल तेव्हा अंगणात टाकतो तशी ब्लीचिंग पावडर टाकून काथ्याच्या ब्रशने घासायचं, दर पंधरा दिवसांनी.

पुढचा पायरोधी ठोकळा गावातल्या सुताराकडून होतो. आतल्या बाजूची गोलाई रिंगच्या आतल्या कडेला जुळली पाहिजे, लांबी आतून 1.21 मीटर, उंची 10 सेंटिमीटर, आणि पांढरा रंग. फणसाचं किंवा ऐनाचं लाकूड घ्या आणि जमिनीत पक्का बसवा, हलता ठोकळा असण्यापेक्षा नसलेला परवडला कारण मूल त्याच्यावर जोर देऊन पाय रोवतं आणि तो सुटला की घोटा गेला.

सेक्टर म्हणजे गोळा जिथे पडायला हवा तो पुढचा त्रिकोणी भाग, तो आखायला कोनमापक लागत नाही. 34.92 अंश असा तो विचित्र आकडा आहे, पण सर्कलच्या मध्यावरून दोन दोऱ्या 20 मीटर ओढायच्या आणि त्यांच्या टोकांमधलं अंतर 12 मीटर ठेवायचं, कोन आपोआप बरोबर येतो. जागा कमी असेल तर 10 मीटरला 6. मुलांकडूनच आखून घ्या, गणिताच्या सरांनाही बोलवा.

आमच्याकडे जूनपासून ग्राउंडवर तळं असतं. चार महिने काय करायचं? मागच्या वर्षी मी काहीच केलं नाही आणि सप्टेंबरात शालेय स्पर्धेत फाऊल-फाऊल झाले. (नववी, गोळाफेक, मालवण)

बाळा, हे चार महिने गेले असं समजू नकोस, उलट तुझ्या इव्हेंटला हेच कामाचे महिने आहेत. गोळा हाताने फेकतात हा गैरसमज आहे, गोळा पायापासून सुरू होतो, मग कंबर वळते, मग छाती, आणि हात सगळ्यात शेवटी येतो. पायाचं आणि कमरेचं काम घराच्या पडवीत होतं.

पडवीत फक्कीने अर्धं सर्कल काढ, ठोकळ्याच्या जागी एक फळी ठेव. गोळा न घेता ग्लाइड करायचा, म्हणजे सर्कलच्या मागून घसरत पुढे यायचं. उजव्या हाताची असशील तर उजवा पाय सर्कलच्या मध्यात आणि डावा फळीपाशी, दोन्ही जवळजवळ एकदमच पडले पाहिजेत, टप-टप असे दोन आवाज लांब लांब आले म्हणजे चुकलं. डोळे मिटून आवाज ऐक, तुझं तुलाच कळेल. रोज तीस वेळा, दहादहाच्या तीन खेपा. आणि शेवट नेहमी उभं राहून संपवायचा, मागच्या अर्ध्या भागातून बाहेर पडायचं, पडवीतसुद्धा. तुझे फाऊल तिथेच झाले असणार, फेक झाली की मुलं आनंदात पुढून बाहेर चालायला लागतात.

ताकदीसाठी पिंक्चर झालेला जुना फुटबॉल घे, भोकातून दोन किलोभरच कोरडी वाळू भर (पूर्ण भरलास तर फार जड होईल), शिवून वरून टेप गुंडाळ, दोन-अडीच किलोचा मस्त मेडिसिन बॉल होतो. तोही नसेल तर असोला नारळ आहेच की. दोन्ही हातांनी पायांमधून खाली नेऊन डोक्यावरून मागे फेकायचा, शेतात, पाऊस उघडला की. मागे कोणी नाही ना बघून. या एका व्यायामात गोळाफेकीची सगळी ताकद लागते, मोठे खेळाडूही हे करतात. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधून कंबर वळवायची प्रॅक्टिस कर. शाळेच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर मात्र पावसात उड्या मारू नकोस, शेवाळ दिसत नाही.

आठवड्यातून एकदा उघडीप मिळाली तर ओल्या गोळ्याने उभ्याने दहाबारा फेकी टाक, कमरेला फडकं खोचून ठेव, प्रत्येक फेकीआधी गोळा आणि हात दोन्ही पूस. सप्टेंबरात स्पर्धेच्या दिवशी पाऊस असणारच, ते फडकं तिथेही न्यायचं. हाताला पांढरी पावडर लावायला परवानगी असते, मानेलाही लावता येते. पण ती जिमवाली मॅग्नेशियमची पावडर, फळ्याचा खडू चुरून लावलास तर ओलाव्याने चिखल होतो.

ताईनू, माझो भाचो आठवीत असा. टीव्हीर नीरज चोप्राक बघल्यापासून रानातल्या चिव्याचो भालो करून फेकता. ह्यां चलात काय? (मामा, कुडाळ)

चालेल की हो मामा, आणि त्याला अडवू नका. अन्नू राणीचं नाव ऐकलं असेल, 2023 च्या हांगझो एशियन गेम्सला भालाफेकीत 62.92 मीटरचं गोल्ड घेतलं तिने, ती मेरठकडच्या खेड्यातली, सुरुवातीला शेतातला ऊस फेकायची. आपल्याकडे ऊस कमी, चिवा, म्हणजे रानातला बांबू, भरपूर.

फक्त तो नीट करून द्या. वाळलेला सरळ चिवा घ्या, पावसात तोडलेल्याला भुंगा लागतो. लांबी दोन मीटरच्या आतबाहेर, वजन चारपाचशे ग्रॅम. पेरं तासून साफ करा नाहीतर कूस हातात जाते. जाड बुंधा पुढे ठेवायचा, शेंडा मागे. मग बोटावर आडवा ठेवून कुठे तोलतो बघा आणि तिथे सुतळी गुंडाळा, तीच पकड. टोकाला लोखंड अजिबात नको, उलट सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा.

जाड बाजू पुढे का, ते त्याला जरूर सांगा, मुलांना कारण कळलं की ती जास्त मन लावतात. 1984 साली उवे होन नावाच्या जर्मन खेळाडूने 104.80 मीटर भाला फेकला, म्हणजे भाला मैदान ओलांडून ट्रॅकवर जायची भीती, शिवाय जुना भाला बऱ्याचदा आडवा पडायचा आणि टोक आधी टेकलं की नाही यावर भांडणं व्हायची. म्हणून 1986 पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य 4 सेंटिमीटर पुढे नेला. तेव्हापासून तो नाक खाली करून लवकर उतरतो. आज नीरजचं 90.23 मीटर किंवा पॅरिस ऑलिम्पिकमधलं पाकिस्तानच्या अर्शद नदीमचं 92.97 हे या नव्या भाल्याचं अंतर आहे.

फेकायची जागा बघा. कातळावर नको, चिवा फुटतो आणि उसळून कुठेही जातो. सध्या पेंढ्याच्या गंजीवर पंधरा पावलांवरून नेम धरायला लावा, लांब फेकायचं नावच काढू नका. कोपर खांद्याच्या वर, तळहात आकाशाकडे, आणि भाला कानाजवळून गेला पाहिजे. नोव्हेंबरात भात कापून झालं की मोकळा मळा मिळेल, तिथली जमीन खऱ्या भाल्यालासुद्धा उत्तम, टोक रुततं आणि वाकत नाही. समुद्राच्या पुळणीवर भाला फेकायचा मोह सगळ्यांना होतो पण कोरड्या वाळूत पुढचा पाय रोवताच येत नाही, आणि फेकीत सगळं त्या रोवलेल्या पायावर आहे. ओहोटीच्या वेळी ओल्या टणक वाळूवर धावायला मात्र त्याला रोज न्या.

माझी थाळी सकाळी 31 मीटर जाते आणि संध्याकाळी त्याच ग्राउंडवर 34. संध्याकाळी मी जास्त वॉर्मअप होतो म्हणून का? (कॉलेज, अलिबाग)

वॉर्मअपचा थोडा भाग असेल, पण मला सांग तू फेकतोस कुठल्या दिशेला? ग्राउंडचा सेक्टर समुद्राकडे असेल तर उत्तर तिथेच आहे. सकाळी आपल्याकडे मतलई वारे, जमिनीवरून समुद्राकडे, म्हणजे तुझ्या पाठीवरून. दुपारनंतर खारे वारे, समुद्रावरून तुझ्या तोंडावर. थाळीला समोरचा वारा आवडतो, ती पंखासारखी त्याच्यावर तरंगते, पाठीवरचा वारा तिला खाली दाबतो. उजव्या हाताच्या फेकणाऱ्याला समोरून किंचित उजवीकडून येणारा वारा सगळ्यात चांगला. गोळ्याला यातलं काही नाही, तो जड आहे.

तर वहीत अंतराबरोबर वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहायची सवय लाव, नाहीतर प्रगती तुझी झाली की वाऱ्याची हे कळणार नाही. आणि समोरून वारा असताना थाळीचं पुढचं नाक खाली ठेवायचं, हाताने जरा दाबल्यासारखं. नाक वर गेलं की थाळी उभी राहते आणि मागे झुकून पडते, ते तू पाहिलंच असशील.

थाळी डगडगत जात असेल तर एक सोपा उपाय आहे. जमिनीवर पंधरा मीटरची दोरी ताण आणि थाळी दोरीवरून गाडीच्या चाकासारखी सरळ घरंगळत सोड, शेवटचं बोट तर्जनी असलं पाहिजे. रोज वीस वेळा. दोरी सोडून बाजूला गेली की समज करंगळीकडून सुटतेय.

फिजिक्सला शिकवतात की 45 अंशात फेकलेली वस्तू सगळ्यात लांब जाते. मग सर मला गोळा त्याहून कमी कोनात काढ असं का सांगतात? (बारावी सायन्स, रत्नागिरी)

तुझे सर बरोबर आहेत आणि पुस्तकही बरोबर आहे. पुस्तकातली वस्तू जमिनीवरून सुटते आणि जमिनीवरच पडते. तुझा गोळा दोन मीटर उंचीवरून सुटतो, तेवढ्यानेच कोन 45 च्या खाली येतो. आणि दुसरं, पुस्तकात वेग कुठल्याही कोनाला तेवढाच धरलाय, आपलं शरीर तसं नाही. पुढे ढकलायला जेवढी ताकद लागते तेवढीच सरळ वर ढकलायला लावून बघ, वेग कमी पडतो. या दोन्हींचा हिशेब होऊन चांगल्या फेकणाऱ्यांचा गोळा साधारण 35 ते 38 अंशात सुटतो, भाला त्याहूनही जरा कमी. मित्राला बाजूला उभं करून मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट कर आणि स्क्रीनवर कोनमापक ठेव. तुझ्या प्रॅक्टिकलच्या वहीत हा प्रयोग लिहिलास तरी चालेल.

मुलगा नववीत आहे, भालाफेकीत विभागापर्यंत गेला. गेला महिना उजवं कोपर आतल्या बाजूला दुखतं म्हणतो. बाम लावून, पट्टा बांधून फेकतोय. पुढच्या महिन्यात सिलेक्शन आहे, फेकू द्यावं का? (वडील, दापोली)

नाही. आजपासून बंद करा. मला माहितीय तुम्हाला हे उत्तर नको होतं, सिलेक्शन वर्षातून एकदा येतं हेही मला कळतं, तरी नाहीच.

या वयात हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात, त्या अजून पक्क्या झालेल्या नसतात. भाला फेकताना कोपराच्या आतल्या बाजूवर प्रचंड ताण येतो, आणि मोठ्या माणसाचा लिगामेंट ताणला जातो तिथे मुलाची ती कूर्चाच ओढली जाते. महिनाभर दुखतंय म्हणजे हे स्नायूचं दुखणं राहिलेलं नाही. ऑर्थोपेडिक डॉक्टरला दाखवा, एक्सरे लागला तर काढा, आणि त्यांना स्पष्ट सांगा की मुलगा भाला फेकतो, नुसतं हात दुखतो असं सांगू नका. बामने दुखणं झाकतं, पट्ट्याने मुलाला वाटतं की आता सुरक्षित आहे, म्हणून ते दोन्ही जास्त वाईट.

माझ्या बरोबरची एक मुलगी होती, माझ्यापेक्षा कितीतरी चांगली, तिचं कोपर असंच दुखायचं आणि आम्हाला शिकवणाऱ्यांनी तिला फडकं घट्ट बांधून तीन स्पर्धा खेळवल्या. आज तिला त्या हाताने विहिरीतून भरलेली कळशी ओढता येत नाही. कोणी मुद्दाम केलं नाही, कोणाला माहितीच नव्हतं. आता आपल्याला माहिती आहे.

डॉक्टरांनी परवानगी दिली की परत सुरुवात करताना आधी कारण शोधा. नव्वद टक्के नाही म्हणत पण बहुतेक वेळा मला एकच दिसतं, कोपर खांद्याच्या खाली घसरून हात बाजूने फिरतो, दगड तिरका भिरकावतो तसा. दुसरं, दिवसा भाला आणि संध्याकाळी क्रिकेटमध्ये बाउंड्रीवरून थ्रो, हे कोणी मोजतच नाही. तो क्रिकेट खेळतो का विचारा. या वयाला एका दिवशी पूर्ण जोराच्या फेकी पंचवीस-तीसच्या वर नकोत, आणि लागोपाठ दोन दिवस तर नकोच. मधल्या काळात पाय, पोट, पाठ यांचे व्यायाम, क्रॉसस्टेप (फेकीआधीची ती आडवी पावलं), धावणं सगळं चालू ठेवता येतं, तो रिकामा बसणार नाही. त्याला समोर बसवून हे वाचून दाखवा, आणि सिलेक्शन हुकलं म्हणून घरात कोणी त्याला बोलू नका.

मुलगी आठवीत, थाळीफेकीत पहिली येते. सर म्हणतात वजनं उचलायला लाव. सासूबाई आणि नणंदा म्हणतात खांदे रुंद होतील, उंची खुंटेल, पुढे लग्नाचं काय. मला काही कळेना. (आई, गुहागर)

वहिनी, उंचीचं आधी सांगते. नीट शिकवणारं कोणी समोर उभं असेल, वजन हलकं असेल आणि पद्धत बरोबर असेल तर व्यायामाने उंची खुंटत नाही. आठवीच्या मुलीला सुरुवातीचे सहा महिने लोखंड लागतही नाही, स्वतःचं शरीर पुरतं. उठाबशा पूर्ण खाली बसून, दंड, दोरीउड्या, पायऱ्या. मग रिकामा बार, मग हळूहळू. सरांना विचारा की तुम्ही स्वतः समोर उभे राहणार का. नाही म्हणाले तर वजनं थांबवा, फेक थांबवू नका.

खांदे रुंद होतील तर होऊ देत की. आपल्या आज्या डोक्यावर गवताचा भारा आणि कडेवर पोर घेऊन घाटी चढत होत्या, त्यांच्या खांद्यांबद्दल कोणी बोललं नाही. कृष्णा पुनिया 2010 साली दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये थाळीफेकीत 61.51 मीटर फेकून सोन्याचं पदक घेऊन आली, अॅथलेटिक्समध्ये असं सोनं आणणारी पहिली भारतीय बाई, तेव्हा ती लग्न झालेली, एका मुलाची आई होती. हे सासूबाईंना शांतपणे सांगा, जमलं तर मुलीची एखादी स्पर्धा बघायला त्यांना घेऊन जा. नात थाळी घेऊन सर्कलमध्ये उभी राहिली की आजीचं मन आपोआप बदलतं, हे मी दोन घरांत पाहिलंय.

खाण्याचं विचारलं नाहीत पण लिहिते. डब्यासाठी पावडरी आणू नका. बांगडा, तारली, अंडी, कुळथाची पिठी, उकडा तांदूळ, हे आपल्या घरात आहे ते भरपूर द्या. मुलगी म्हणून माशाची लहान तुकडी तिच्या ताटात जात नाही ना, तेवढं बघा. पाळीच्या दिवसांत तिला बरं वाटत असेल तर फेकू द्या, नसेल तर विश्रांती, तिचं तिला ठरवू द्या.

थाळीसाठी जाळी लावायची आहे. रापणीचं जुनं जाळं फुकट मिळतंय, चालेल का? (क्रीडा मंडळ, वेंगुर्ला)

जुनं नको. नायलॉन वर्षानुवर्षं उन्हात आणि खाऱ्या पाण्यात राहिलं की कुजतं, हाताने ओढून बघा, धागा तुटेल. नियमाप्रमाणे जाळी 2 किलोची थाळी सेकंदाला 25 मीटर वेगाने आली तरी अडवेल अशी हवी. नवं जाड दोऱ्याचं जाळं घ्या, भोक 4.5 सेंटिमीटरच्या वर नको, उंची निदान 4 मीटर. आणि ताणून बांधू नका. सैल सोडलं की थाळी त्यात अडकून खाली पडते, ताणलेल्या जाळ्यावरून ती परत फेकणाऱ्यावर येते. जाळं बांधायला गावातल्या रापणकारांनाच बोलवा, गाठी त्यांच्यासारख्या कोणाला येत नाहीत. हातोडाफेकीचा विचार या जाळीवर करूच नका, तिचं गणित वेगळं आहे.

माझा डावा हात लहानपणापासून निकामी आहे. गोळा फेकता येईल का? (अकरावी, चिपळूण)

येईल, आणि लवकर सुरू कर. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याचे सचिन खिलारी, डाव्या हाताला असाच त्रास, पॅरिस पॅरालिम्पिक 2024 ला एफ 46 गटात (हाताचं अपंगत्व असलेल्यांचा गट) 16.32 मीटर फेकून रौप्यपदक घेऊन आले. डावा हात वळताना तोल द्यायचं काम करतो, ते तुला खांद्याने आणि कमरेने करावं लागेल, म्हणून पोटाचे व्यायाम इतरांपेक्षा जास्त. वर्गवारीसाठी वैद्यकीय कागद आत्तापासून एका फाइलमध्ये जमव. तुझ्या जवळच डेरवणला मोठं क्रीडासंकुल आहे, एकदा घरच्यांना घेऊन जाऊन ये.

महागडे थ्रोइंग शूज घ्यावेच लागतात का? (बरेच जण)

सुरुवातीला नाही. सिमेंटच्या सर्कलला तळवा सपाट, पातळ आणि जरा झिजलेला हवा, शाळेचे पांढरे कॅनव्हास चालतात. जाड मऊ सोलचे जॉगिंगचे बूट नकोत, वळताना घोटा मुरगळतो. भाल्यासाठी गवतावर फुटबॉलचे स्टड चालतील, पण सिंथेटिकवर स्पर्धा खेळायला लागलात की टाचेखालीही खिळे असलेले स्पाइक्स घ्या, कारण रोवायचा पाय टाचेवर पडतो.

आम्ही पाच जण आणि भाला एकच. वेळ वाचवायला दोघं इकडे, तिघं तिकडे उभे राहून समोरासमोर फेकतो. असं केलं तर चालतं ना? (हर्णै)

पोरांनो, हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. आजच बंद करा. हवेतला भाला समोरून एका ठिपक्याएवढा दिसतो, तो किती लांब आहे आणि कुठे उतरणार हे समोरच्याला कळतच नाही, सूर्य डोळ्यावर असेल तर अजिबात नाही. सगळ्यांनी एकाच बाजूला, फेकणाऱ्याच्या मागे उभं राहायचं. फेकायच्या आधी मोठ्याने "भाला" असं ओरडायचं, समोर गुरं नाहीत, पोरं नाहीत बघायचं, मगच धावायचं. फेकून झालं की चालत जायचं, धावत नाही.

रुतलेल्या भाल्याकडे धावू नका असं का सांगते तर त्याचं शेपूट बरोबर पोट-छाती-डोळ्याच्या उंचीवर तिरकं उभं असतं आणि समोरून ते दिसत नाही. बाजूने जायचं, एक तळहात शेपटाच्या टोकावर ठेवायचा, दुसऱ्या हाताने पकडीपाशी धरायचं, ज्या कोनात गेलाय त्याच कोनात मागे ओढून काढायचा. हलवून हलवून उपटला की टोकापाशी वाकतो. काढला की टोक खाली, भाला उभा धरून, टोकाची माती बोटाने पुसत सेक्टरच्या बाहेरून परत यायचं आणि पुढच्याच्या हातात द्यायचा.